नाशिकचे हवापाणी : अनारोग्याच्या जमाखर्चाचा एक इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

परगावी राहावयास गेलेल्या माणसाला मराठीत जे प्रश्न विचारले जातात, त्यांत तेथील हवापाणी कसे आहे, हा प्रश्न हटकून असतो. हवा आणि पाणी ही दोन नामे जोडून भाषेने जो समास घडविला, त्यात केवळ भूगोलाचे वर्णन नाही. त्या गावी राहिल्यास शरीराचे काय होईल, याचा अंदाज त्यात अभिप्रेत आहे. हवा ‘मानवते’, पाणी ‘लागते’, आणि प्रकृती बिघडलेला मनुष्य ‘हवापालट’ करण्यासाठी दुसरीकडे जातो. गावाची हवा व गावचे पाणी ही आरोग्याची कारणे आहेत, ही समजूत मराठी भाषेत पुरातन काळापासून मुरलेली आहे.

परंतु हवापाणी बिघडले असता त्याचा खर्च किती होतो आणि तो कोण देतो, हा निराळा प्रश्न आहे. आज हवामानबदल व प्रदूषण यांमुळे होणाऱ्या आरोग्यहानीचे मोल पैशात मांडण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत, आणि ही विचारपद्धती अगदी अलीकडची आहे असा समज आहे. नाशिकच्या इतिहासाकडे पाहिले असता असे दिसून येते की, खर्च फार जुना आहे. नवीन आहे ती केवळ त्याची नोंद. प्रस्तुत लेखात या नोंदीच्या अभावाचा इतिहास मांडावयाचा आहे. त्यासाठी कागदपत्रांइतकीच भाषेचीही साक्ष घेतलेली आहे. कारण ज्या गोष्टीला भाषेत नाव नाही, ती गोष्ट जमाखर्चाच्या वहीत सहसा येत नाही.

२. शब्दांची साक्ष

दूषित पाण्यापासून होणाऱ्या रोगांची नावे मराठीत अनेक आहेत. ‘पटकी’ हा शब्द सर्वपरिचित आहे. त्याहून उद्बोधक इतिहास ‘मोडशी’ या शब्दाचा होय. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वांती व ढाळ यांनी माणसास थोडक्या वेळात मारणाऱ्या रोगाचे वर्णन केले असून, त्याचे स्थानिक नाव ‘मोर्शी’ असल्याचे नोंदविले आहे. पोर्तुगीजांच्या तोंडी या शब्दाचे ‘मोर्देशी’ झाले, आणि फ्रेंचांनी ध्वनिसाम्यावरून त्याचे ‘मॉर द शियँ’, म्हणजे ‘कुत्र्याचे मरण’, असे रूपांतर केले. कोशकारांनी त्याचे मूळ ‘मोडणे’ या धातूत शोधले आहे. रोगाने शरीर मोडते, ही कल्पना त्यामागे आहे. पुढे मराठीत हा शब्द सौम्य होऊन साध्या अपचनापुरता उरला, आणि घोर रोगासाठी पटकी, महामारी यांसारखे शब्द रूढ झाले. गावोगावी मरीआईची ठाणी आहेतच. त्यावरून महामारी ही दैवी कोपाची खूण मानली जात असे, हे स्पष्ट होते.

रोगाला नावे होती. तथापि पाणी कशामुळे बिघडले, हे सांगणारा शब्द मात्र नव्हता. पाण्याच्या अशुद्धीविषयी जो सर्वात प्रभावी शब्द मराठीत होता तो ‘विटाळ’. विटाळाचा संबंध पाण्यात काय मिसळले याच्याशी नसून पाण्याला कोणी स्पर्श केला याच्याशी होता. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात या मनोवृत्तीचे एक टोकाचे उदाहरण आढळते. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. त्यांचे बालपण नाशिकजवळ गोदाकाठच्या जलालपूर येथे गेले. त्यांच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे इतके वेड होते की, घरात येणारी वस्तू धुऊन घेतल्याखेरीज त्यांना चालत नसे. या वर्णनात नदीचे पाणी सर्व काही शुद्ध करणारे आहे. नदीचे पाणी स्वतः अशुद्ध होऊ शकते, ही कल्पना त्या जगात नाही. नाशिककर गोदावरीला ‘गंगा’ म्हणतात, आणि गंगा स्वभावतःच पावन असल्याने तिच्या स्वच्छतेचा प्रश्न उद्भवत नाही.

या शब्दार्थाची सामाजिक किंमत किती मोठी होती, हे महाडच्या उदाहरणावरून कळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली २० मार्च १९२७ रोजी अस्पृश्य समाजाने चवदार तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा सनातन्यांनी पंचगव्य टाकून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. गोमय व गोमूत्र पाण्यात टाकल्याने ते शुद्ध होते आणि माणसाच्या ओंजळीने ते अशुद्ध होते, असे मानणाऱ्या समाजात पाण्याच्या आरोग्यविषयक शुद्धतेचा विचार रुजणे कठीण होते. २ मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याची पार्श्वभूमीही याच शुद्धाशुद्धविचाराची होती.

येथे व्याकरणाचा एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ‘अमक्याचा विटाळ झाला’ या प्रयोगातील षष्ठी कर्त्याची आहे. दोषी कोण, हे तीत प्रथमच सांगितले जाते. उलट विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आजच्या अर्थाने रूढ झालेल्या ‘प्रदूषण’ या शब्दाबरोबर येणारी षष्ठी बहुधा कर्माची असते : ‘नदीचे प्रदूषण’, ‘हवेचे प्रदूषण’. ‘कारखान्याचे प्रदूषण’ असा प्रयोग होत नाही असे नाही; परंतु ‘नदी प्रदूषित झाली’ अशी कर्ता वगळणारी रचनाच अधिक सुलभ वाटते. जुन्या शब्दाने निरपराध माणसाला कर्ता ठरविले. नव्या शब्दाने खऱ्या कर्त्याला वाक्याबाहेर राहण्याची सोय करून दिली. दोन्ही वेळी खर्चाचे मागणे ज्याच्याकडे जावयास हवे, त्याच्याकडे ते गेले नाही.

३. यात्रा, रेल्वे आणि पटकी

नाशिकची नगरपालिका १८६४ मध्ये स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी थळ घाटातून रेल्वेमार्ग खुला झाला. या दोन घटनांचे सान्निध्य महत्त्वाचे आहे. पूर्वी यात्रेकरू पायी किंवा बैलगाडीने येत. रोग जडलेला मनुष्य वाटेतच कोसळत असे. रेल्वेमुळे यात्रा वाढली, आणि रोग्याचा प्रवास रोगाच्या वेगाहून अधिक जलद झाला. तीर्थावर पाण्यातून शिरलेली पटकी यात्रेकरूबरोबर त्याच्या गावी जाऊन पोहोचू लागली.

याच सुमारास जगाचे लक्षही या प्रश्नाकडे वळले होते. १८६५ मध्ये मक्केच्या यात्रेतून पटकी युरोपपर्यंत पसरल्यावर १८६६ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. हिंदुस्थानातील यात्रा हे पटकीच्या फैलावाचे एक प्रबळ कारण होय, असे मत तीत व्यक्त झाले. युरोपीय राष्ट्रांपुढे रोग्यांच्या मृत्यूइतकाच व्यापाराचाही प्रश्न होता. जहाजे विलग ठेवावी लागली तर माल अडकून पडे. म्हणजे पटकीची आर्थिक किंमत त्या काळी मांडली गेली नाही असे नाही. ती बंदरांच्या वहीत मांडली गेली, खेड्यांच्या वहीत नाही.

पटकीच्या कारणांविषयी सरकारी मतही एकरूप नव्हते. जॉन स्नो याने १८५४ मध्ये लंडनमध्ये पाणी व पटकी यांचा संबंध दाखवून दिला होता. तथापि हिंदुस्थान सरकारचे आरोग्य आयुक्त जे. एम. कनिंगहॅम यांनी १८७० नंतरच्या काळात संसर्गाची उपपत्ती नाकारून हवा व स्थानिक परिस्थिती यांवर भर दिला. रॉबर्ट कॉख याने १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे पटकीच्या जंतूचा शोध लावल्यानंतरही हा विरोध एकदम मावळला नाही. संसर्ग मानला की विलगीकरण मान्य करावे लागे, आणि विलगीकरण म्हणजे व्यापाराला खीळ. तेव्हा रोगाचे खापर ‘हवे’वर फोडणे राज्यकर्त्यांना सोयीचे होते. हवामानाला दोष देऊन मनुष्यकृत कारणांवर पांघरूण घालण्याची प्रवृत्ती आजची नाही, हे यावरून ध्यानात येते.

आता नाशिकच्या नगरपालिकेच्या दृष्टीने हा व्यवहार पाहावा. त्या काळी मुंबई इलाख्यातील बहुतेक नगरपालिकांच्या उत्पन्नाचा मोठा आधार जकात हा होता. यात्रा मोठी भरली की मालाची आवक वाढे. उपाध्याय, दुकानदार, गाडीवान या साऱ्यांच्या हाती पैसा खेळे. यात्रेचे उत्पन्न नाशिकला राही. यात्रेतून उद्भवणाऱ्या रोगाचा खर्च मात्र नाशिकला राहत नसे. तो रेल्वेने बाहेर जात असे. दूरच्या एखाद्या खेड्यातील कुणबी तीर्थ करून परतल्यावर चार दिवसांत मेला, तर त्याच्या पेरणीचे काय झाले, त्याच्या विधवेने सावकाराकडून किती रुपये काढले, त्याचे बैल कोणी विकत घेतले, या गोष्टी नाशिकच्या कोणत्याही दप्तरात येण्याचे कारण नव्हते. गटार बांधण्याचा खर्च नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात ठळकपणे दिसे; गटार न बांधण्याचा खर्च शेकडो खेड्यांत विखुरला जाई आणि म्हणून कोठेच दिसत नसे. जमेची बाजू एका वहीत आणि नावेची बाजू शेकडो घरांत, असा हा व्यवहार होता.

हा हिशेब एकत्र मांडता येणार नव्हता असे मात्र नव्हे. १८४२ मध्ये एडविन चॅडविक याने इंग्लंडमधील श्रमिकांच्या अनारोग्यावरील अहवालात अकाली मृत्यू व वैधव्य यांचा बोजा सार्वजनिक तिजोरीवर कसा पडतो, हे दाखवून दिले होते. १८७३ मध्ये माक्स फॉन पेटेनकोफर याने म्युनिक येथे दिलेल्या दोन व्याख्यानांत शहराला आरोग्याचे मोल किती, याचा हिशेब केला. म्युनिकचे मृत्युमान तेव्हा हजारी ३३ च्या आसपास, तर लंडनचे २२ च्या आसपास होते. एका मृत्यूमागे आजाराची किती प्रकरणे घडतात आणि त्यांत कामाचे किती दिवस बुडतात, हे गृहीत धरून त्याने असे प्रतिपादन केले की, स्वच्छ पाणी व मोऱ्या यांवर घातलेले भांडवल व्याजासह परत मिळते. गंमत अशी की, हाच पेटेनकोफर कॉखच्या जंतूवर विश्वास ठेवीत नव्हता. १८९२ मध्ये त्याने पटकीच्या जंतूंचे पाणी स्वतः पिऊन दाखविले. रोगाच्या कारणाविषयी चुकलेल्या माणसाला रोगाच्या किमतीचा हिशेब मात्र बरोबर सुचला. यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, अनारोग्याचा जमाखर्च मांडण्यासाठी शास्त्राची पूर्णता आवश्यक नसते. आवश्यक असते ती जबाबदारीची जाणीव.

४. हवेचे भांडवल

पाण्याच्या बाबतीत अशी स्थिती असता हवेच्या बाबतीत नाशिकचा लौकिक अगदी उलट होता. सह्याद्रीच्या पूर्वेस, घाटमाथ्यावर वसलेल्या या भागाची हवा कोरडी व आल्हाददायक म्हणून प्रसिद्ध होती. १८६१ मध्ये देवळाली येथे लष्कराचा तळ झाला. मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे महिनोन् महिने पडून राहत. त्या कंटाळ्यातून आणि तापातून येणाऱ्या भ्रमिष्टपणाला सैनिकांच्या बोलीत ‘डुलाली टॅप’ असे नाव पडले. यातील पहिला शब्द देवळालीचा अपभ्रंश असून दुसरा आपला ‘ताप’ होय. इंग्रजीत ‘डुलाली’ हा शब्द ‘वेडा’ या अर्थाने आजही वापरात आहे. रोगाच्या नावात गावाचे नाव अडकावे आणि त्याच गावी पुढे लोकांनी आरोग्यासाठी जावे, हा योगायोग मोठा विलक्षण आहे. कारण देवळालीला नंतर मुंबईच्या पारशी व इतर समाजांनी आरोग्यधामे उभारली, आणि क्षयादी रोगांतून उठलेल्या माणसाने देवळालीला हवापालट करणे हा सुखवस्तू कुटुंबांचा परिपाठ झाला.

याचा आर्थिक अर्थ असा की, नाशिकची हवा हे एक भांडवल होते. ते कोणी गुंतविलेले नव्हते. निसर्गाने दिलेले होते. परंतु त्याच्यावर भाडी मिळत, दुकाने चालत आणि रोजगार निर्माण होत असे. भांडवल फुकट मिळाले की त्याच्या झिजेची तजवीज करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. पाण्याच्या बाबतीत श्रद्धेने जे घडले, तेच हवेच्या बाबतीत निश्चिंतपणाने घडले.

१८९६ मध्ये मुंबईत प्रविष्ट झालेल्या प्लेगने या निश्चिंतपणाला पहिला जबर धक्का दिला. १८९७ चा साथरोगाचा कायदा, सक्तीची तपासणी, घरे रिकामी करणे या सरकारी उपायांचा इतिहास सुपरिचित आहे. कौटुंबिक वहीत काय घडले, हे मात्र आत्मचरित्रांतूनच कळते. नाशिकजवळच्या भगूर येथे दामोदरपंत सावरकर १८९९ मध्ये प्लेगने वारले. कुटुंबाला गाव सोडून नाशिकला यावे लागले. विनायक दामोदर सावरकरांच्या आठवणींतील हा भाग राजकीय इतिहासाचे अभ्यासक घाईने ओलांडतात. एका साथीने कर्ता पुरुष, राहते घर आणि गावातील मान या तिन्ही गोष्टी एकदम जाऊ शकतात, याची ती एक नोंद आहे. ज्या सहस्रावधी कुटुंबांत आत्मचरित्र लिहिणारा कोणी निपजला नाही, त्यांची नोंद नाही.

५. नवे शहर, जुनी रीत

१९०१ च्या शिरगणतीत नाशिकची लोकसंख्या २१,४९० होती. २०११ मध्ये ती १४,८६,०५३ झाली. शहराची हद्द या काळात पुष्कळ वाढली हे खरे, तरी सुमारे एकोणसत्तर पटीने वाढलेल्या वस्तीचे सांडपाणी स्वीकारणारी नदी एकच राहिली. १९६५ मध्ये गंगापूर धरण पूर्ण झाल्याने शहराला व शेतीला पाण्याची शाश्वती लाभली. परंतु त्याबरोबरच नदीचा उन्हाळी प्रवाह धरणाच्या दरवाजांच्या स्वाधीन झाला. वरून पाणी सुटत नाही तेव्हा पात्रातून वाहते ते बहुतांशी शहराने वापरून टाकलेलेच असते. ओझरला १९६४ मध्ये विमानांचा कारखाना निघाला, सातपूर व अंबड येथे औद्योगिक वसाहती वाढल्या, आणि १९७० च्या सुमारास एकलहरे येथील कोळशावरील वीजकेंद्र सुरू झाले.

कायद्याच्या बाबतीत महाराष्ट्र मागे नव्हता. जलप्रदूषण प्रतिबंधाचा राज्याचा कायदा १९६९ चा असून त्याअन्वये १९७० मध्ये मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जलकायदा त्यानंतर १९७४ मध्ये आणि वायुकायदा १९८१ मध्ये झाला. तरीही २०१२ मध्ये गोदावरीच्या प्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करावी लागली, आणि २०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेची मानके न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचे नाव आले. ज्या गावी लोक हवापालटासाठी येत, त्याच गावाच्या हवेसाठी आता योजना आखावी लागली.

खर्च बाहेर पाठविण्याची जुनी रीतही नव्या रूपात टिकून आहे. पूर्वी रोग यात्रेकरूबरोबर जाई. आता तो प्रवाहाबरोबर जातो. नाशिकच्या खाली निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर आहे. २०२० मध्ये रामसर यादीत आलेले ते महाराष्ट्रातील पहिले पाणस्थळ होय. त्याही खाली पैठणला जायकवाडीचा जलाशय आहे, आणि छत्रपती संभाजीनगर शहर त्याचे पाणी पिते. वरच्या शहराने शुद्धीकरणावर वाचविलेला रुपया खालच्या गावाला औषधावर किंवा शुद्धीकरणावर खर्चावा लागतो. या दोन रकमा एकाच पानावर लिहिणारी वही अद्याप प्रचारात नाही.

६. हिशेबाचे प्रयत्न आणि त्यांच्या मर्यादा

हिंदुस्थानात रोगाची किंमत पैशात मांडण्याचा एक जुना व ठळक प्रयत्न म्हणजे जे. ए. सिंटन यांचा १९३५-३६ मधील मलेरियाविषयक निबंध होय. प्रदूषणाच्या बाबतीत असे प्रयत्न पुष्कळ उशिरा झाले. जागतिक बँकेतील कार्टर ब्रँडन व किर्स्टन होमन यांनी १९९५ मध्ये पर्यावरणाच्या ऱ्हासामुळे भारताची होणारी वार्षिक हानी ९७० कोटी डॉलर, म्हणजे १९९२ च्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ४.५ टक्के, धरली. अपुऱ्या स्वच्छताव्यवस्थेमुळे २००६ या एका वर्षात भारताचे सुमारे २.४ लाख कोटी रुपयांचे, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६.४ टक्के, नुकसान झाले, असे जागतिक बँकेच्याच जल व स्वच्छता कार्यक्रमाने मांडले. त्यातील सर्वात मोठा वाटा आरोग्यहानीचा होता. ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ मधील अभ्यासानुसार २०१९ मध्ये भारतात हवेच्या प्रदूषणामुळे १६.७ लाख मृत्यू घडले, आणि मृत्यू व आजार यांमुळे बुडालेल्या उत्पादनाचे मोल ३,६८० कोटी डॉलर, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३६ टक्के, होते. वाढत्या उष्णतेविषयी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये असा अंदाज वर्तविला की, २०३० पर्यंत भारतातील कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास बुडतील. नाशिकच्या द्राक्षमळ्यांत व कांद्याच्या चाळींत, किंवा मालेगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या माणसाला या टक्केवारीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

हे आकडे निरनिराळ्या पद्धतींनी काढलेले असल्याने त्यांची परस्परांशी तुलना करता येत नाही. त्याहून महत्त्वाची मर्यादा मोजणीच्या मापातच आहे. मृत्यूचे मोल बुडालेल्या उत्पन्नावरून ठरविले, तर ज्याचे उत्पन्न कमी त्याचा मृत्यू स्वस्त ठरतो; घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीचे श्रम तर मोजणीतच येत नाहीत. शिवाय राष्ट्रीय उत्पन्नाच्या रूढ हिशेबात रुग्णालयाचे बिल ही उत्पन्नातील भर ठरते. दम्याच्या औषधांचा खप वाढला की उत्पन्न वाढलेले दिसते. भारतातील एकूण आरोग्यखर्चापैकी कुटुंबांनी थेट खिशातून केलेला खर्च २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट समाधानकारक आहे. परंतु हवापाणी बिघडविणारा एक आणि औषधाचे पैसे देणारा दुसरा, ही व्यवस्था तीमुळे बदललेली नाही.

७. निष्कर्ष

वरील विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, नाशिकमध्ये हवापाण्याच्या बिघाडाची किंमत दीडशे वर्षांपूर्वीही मोजली जात होती. ती नाण्यांनी न मोजता माणसांनी मोजली जात होती, एवढाच फरक. दुसरी अशी की, ही किंमत हिशेबात न येण्याचे कारण केवळ अज्ञान हे नव्हे. स्नोचा शोध, पेटेनकोफरचा हिशेब, १९६९ चा कायदा ही साधने आपापल्या वेळी उपलब्ध होती. उणीव होती ती लाभ व हानी एकाच पानावर लिहिण्याच्या इच्छेची. विटाळाच्या भाषेने ही इच्छा भलत्या दिशेला वळविली, आणि प्रदूषणाच्या कर्तृहीन भाषेने ती बोथट केली.

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, आणि प्रत्येक सिंहस्थाबरोबर घाट, रस्ते व निवारे यांच्या खर्चाचे तपशीलवार अंदाजपत्रक तयार होते. २०१५ मध्ये ते झाले, २०२७ च्या सिंहस्थासाठीही करावे लागले. त्या अंदाजपत्रकाला समोरचे पान जोडणे, म्हणजे पाणी व हवा स्वच्छ न ठेवल्यास नाशिकच्या वस्त्यांत, निफाडच्या शिवारात आणि पैठणच्या काठी किती दिवसांची मजुरी बुडेल व किती घरे कर्जात जातील याची मोजदाद करणे, हे काम इतिहास, अर्थशास्त्र व वैद्यक या तिन्ही शाखांच्या अभ्यासकांनी मिळून करण्याजोगे आहे. त्याची सुरुवात एका साध्या वाक्यरचनेपासून होऊ शकेल : ‘नदी प्रदूषित झाली’ असे न लिहिता, ती कोणी केली, हे लिहिण्यापासून.